हॉलोवेलला हाकललं होतं

मोरेश्वर देशकरची बदली टार्बेलच्या औषध कारखान्यात झाली, तेव्हा अमेरिकेतल्या कॅरी शहरातल्या मराठी मंडळाच्या बायकांनी शुभाची कीव केली होती. "अगं, तिथं आपलं एक माणूस नाही. करशील काय दिवसभर?" टार्बेल म्हणजे कॅरीहून समुद्राच्या दिशेनं निघालं की तंबाखूच्या शेतांमधून जाता जाता लागणारं, नदीकाठचं जुनं गाव. त्या बायकांचं काही चुकलं नव्हतं. मुलगी इला मिशिगनमध्ये ट्रॉयला, नवरा प्लांटवर, आणि घरासमोरच्या रस्त्यावर दुपारभर एक गाडी जाईल तर शपथ.

लग्नाआधी शुभा नागपुरात शाळेत इतिहास शिकवायची. अमेरिकेत आल्यावर ते सुटलं ते सुटलंच. टार्बेलला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती गावातल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत गेली. तिथं आता काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, म्युझियम आहे. तिनं टेबलापलीकडच्या बाईला सरळ विचारलं, "तुम्हाला बोलणारं माणूस हवंय का?"

त्या बाई म्हणजे लिंडा ग्रीर, म्युझियमच्या संचालक. त्यांना हवंच होतं. अशी शुभा दर शनिवारची गाइड झाली. छातीवर नावाचा बिल्ला, पायांत बूट, अंगावर सुती कुर्ता. वरच्या मजल्यावरचं कोर्ट जसंच्या तसं जपलेलं होतं: न्यायाधीशाची उंच खुर्ची, वकिलांचं लांब टेबल, आणि टेबलापासून लोकांना वेगळं करणारा लाकडी कठडा. खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात सायलस हॉलोवेल नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचा जुना फोटो होता. टोपी हातात, ओठ मिटलेले, नजर कॅमेऱ्यावर अशी रोखलेली की बघणाऱ्यानंच खाली बघावं. फोटोखाली फक्त नाव आणि 'वकील व काँग्रेस सदस्य' एवढंच होतं; काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद.

"यांच्याबद्दल काय सांगायचं?" शुभानं विचारलं होतं.

"तुम्हाला जे सापडेल ते," लिंडा म्हणाल्या.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हॉलोवेलची काँग्रेसमधली भाषणं छापलेली होती, त्याच्या खटल्यांचे निकाल राज्याच्या लायब्ररीत होते, तेव्हाची वर्तमानपत्रं कुणालाही बघता येत होती. काहीही लपलेलं नव्हतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. शुभा बोलायला लागली, आणि तिच्या शनिवारच्या फेरीला माणसं वाढली.

एकदा फेरी संपल्यावर एक ऐंशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय बाई मागे थांबल्या. हातात काठी, डोक्यावर निळी हॅट.

"मी ओडेसा बॅटल. सायलस हॉलोवेल माझ्या पणजीचा भाऊ. तुम्ही चांगलं सांगता. पण तुम्ही त्याला संत करून टाकलंय."

शुभानं हातातले कागद खाली ठेवले.

"तो रागीट होता," मिस ओडेसा म्हणाल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत मोठ्या बाईला असंच, नावाआधी मिस लावून बोलावतात. "आमच्या घरात आजही म्हणतात, सायलसचा राग कुणावर गेलाय बघा. तो राग काढून टाकलात तर मागे उरतं काय? एक छानसा फोटो. राग तेवढा राहू द्या."

चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. चूक दाखवायची सवय गेलेली नव्हती. त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली. शुभाच्या सांगण्यात राग आला, आणि त्याबरोबर सगळी गोष्ट ताठ उभी राहिली.

*

कोर्टाच्या इमारतीला दीडशे वर्षं होणार होती. काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या मंडळानं ठरवलं की समोरच्या हिरवळीवर हॉलोवेलच्या नावाचा पितळी फलक लावायचा. शुभा आणि मिस ओडेसा दोघींनाही आनंद झाला. मग एका सकाळी लिंडांनी शुभाला ऑफिसात बोलावलं आणि फलकावरचा मजकूर वाचून दाखवला. जन्म, वकिली, दोनदा काँग्रेसमध्ये निवड. शेवटचं वाक्य होतं: '१८९८ मध्ये ते सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले.'

शुभाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "निवृत्त? लिंडा, त्यांना बंदुका दाखवून गावाबाहेर काढलं."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मंडळाचं म्हणणं आहे की वर्धापनदिनाला कुणाचं मन दुखायला नको. आणि शुभा, हे फक्त फलकापुरतं नाही. यापुढे गाइडनीही हेच वाक्य बोलायचं असं ठरलंय. म्युझियम त्यांच्या पैशावर चालतं."

"मी नाही बोलणार."

"एकच शब्द आहे."

"म्हणूनच नाही बोलणार. एकच शब्द आहे, तर खरा लिहायला काय जातं?"

लिंडा वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि हात पुढे केला. शुभाला आधी वाटलं, हात मिळवताहेत. मग तिच्या लक्षात आलं, त्या बिल्ला मागत होत्या. तिनं तो कुर्त्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. पिनेनं कुर्त्याला छोटंसं भोक पडलं, ते घरी येईपर्यंत ती बोटानं चाचपत होती.

मोरेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. वरणावर तूप घेता घेता म्हणाला, "कशाला करून राहिली तू हे? तो आपला कोण लागतो?"

"लागायलाच पाहिजे का कुणीतरी?"

"तसं नाही. आमचा प्लांटचा डायरेक्टर त्या स्ट्रिकलंडबरोबर गोल्फ खेळतो. मंडळाचा चेअरमन तोच. उद्या मला विचारलं तर? अख्ख्या गावात आपलं एक घर. लोक म्हणतील, बाहेरून आले आणि आम्हाला शिकवून राहिले."

"अहो, वीस वर्षं टॅक्स भरतोय आपण. मत देतो. अजून किती दिवस पाहुणे राहायचं?"

मोरेश्वर ताट घेऊन सिंककडे गेला. तो भांडणारा माणूस नव्हता. तिनं इलाला फोन केला. वाटलं, इथं जन्मलेली मुलगी तरी बाजू घेईल. इला म्हणाली, "आई, लेट इट गो यार. दे विल जस्ट बी मीन टू यू." शुभानं फोन ठेवला आणि एकटीच मिस ओडेसांकडे गेली.

तिथं तिला वेगळाच धक्का बसला. तिनं बिल्ला दिल्याचं आणि मंडळाच्या बैठकीत जाऊन बोलायचा बेत सांगितला, आणि मिस ओडेसांचा चेहरा कठीण झाला.

"तुम्ही मला विचारलंत?"

"म्हणूनच आले आहे."

"नाही. तुम्ही सांगायला आलात. ठरवून मग आलात. शुभा, बिल्ला देऊन टाकण्याआधी मला फोन केला असतात तर मी म्हटलं असतं, देऊ नका. आत राहून बोला. त्यांना तुम्हाला ओढून बाहेर काढू द्या. आमच्या माणसानं तेच केलं होतं. तो स्वतःहून कधीही कुठल्या खोलीतून बाहेर पडला नाही."

तिला सुचलंच नव्हतं हे. दोघी पोर्चवर बसल्या होत्या. नदीवरून पेपर मिलचा आंबट वास येत होता.

"आता काय करायचं?" शुभानं विचारलं.

"आता बैठकीला जायचं," मिस ओडेसा म्हणाल्या. "पण मी तुमच्या शेजारी बसणार. मागे नाही."

*

वर्धापनदिनाच्या निमित्तानं मंडळाची ती बैठक जुन्या कोर्टातच ठेवली होती. न्यायाधीशाच्या उंच जागेवर मंडळाचे पाच सदस्य, म्हणजे कमिशनर, बसले होते, मधोमध चेअरमन वेड स्ट्रिकलंड. बाकांवर गर्दी होती. गोऱ्या लोकांबरोबर नदीपलीकडच्या चर्चमधले कृष्णवर्णीय लोक आले होते, प्लांटवरचे काही होते, डायरेक्टरही होता. मोरेश्वर शुभाला गाडीतून सोडायला म्हणून आला होता आणि पार्किंगमधून परत जाईन म्हणता म्हणता शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. लिंडा भिंतीजवळ उभ्या होत्या.

अमेरिकेत अशा बैठकीत कुणाही रहिवाशाला उठून बोलता येतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर एक घड्याळ असतं, ते उलटं चालतं. शून्य झालं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो.

शुभा उठली. तिनं घरी सराव केला होता. हॉलोवेलचा अख्खा जन्म तीन मिनिटांत बसवला होता. पण मराठी वळणाच्या इंग्रजीत ते बसेना.

"सायलस हॉलोवेल," ती म्हणाली, "इथून नऊ मैलांवर, पाइनच्या जंगलात गुलाम म्हणून जन्मला. तिथं झाडांना खाचा पाडून राळ गोळा करायचे. तो चालायला लागला आणि त्याला कामाला लावलं. त्याच्या आईला जॉर्जियात विकलं. ती कुठं गेली ते त्याला कधीही कळलं नाही. यादवी युद्ध संपून तो सुटला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याला एक अक्षर येत नव्हतं. चर्चमध्ये सुटलेल्या लोकांनीच शाळा काढली होती. तिथं तो सहा वर्षांच्या पोरांशेजारी बसून वाचायला शिकला. पुढं एका म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या कचेरीत झाडलोट करायची आणि त्याबदल्यात कायद्याची पुस्तकं वाचायची, असं करत तो वकील झाला. त्याचा पहिला खटला या खोलीत उभा राहिला. तो आला तेव्हा न्यायाधीशांनी त्याला सांगितलं, 'तुझ्यासारख्यांनी कठड्याबाहेर उभं राहून बोलायचं.' हॉलोवेलनं कठड्याचं दार उघडलं, आत आला, टोपी या टेबलावर ठेवली आणि म्हणाला..."

लाल दिवा लागला. माइक बंद झाला.

"थँक यू, मॅम," स्ट्रिकलंड म्हणाला. "वेळ संपली."

"मला एक वाक्य..."

"वेळ सगळ्यांना सारखीच आहे. बसून घ्या."

शुभा तशीच उभी राहिली. तोंड उघडं, आवाज पोचत नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिला नागपुरातला तिचा वर्ग आठवला नाही की काही नाही. तिला फक्त पराकोटीचा संताप आला. ती धपकन बाकावर बसली.

तिच्या शेजारून काठीचा आवाज आला. मिस ओडेसा माइककडे निघाल्या होत्या.

"मी वेगळंच बोलायला आले होते," त्या म्हणाल्या. "पण मी शिक्षिका आहे. अर्धं सोडलेलं उदाहरण मला बघवत नाही. तर तो म्हणाला, 'राज्यानं मला वकिलीची सनद दिली आहे. किती लांब उभं राहायचं ते तीत लिहिलेलं नाही.'"

खोलीत एक हुंकार उठला.

"न्यायाधीशांनी त्याला कोर्टाचा अपमान केला म्हणून तुरुंगात टाकलं. सकाळी सोडलं. तो घरी गेला नाही. तुरुंगातून सरळ इथं आला, कठड्याचं दार उघडलं, टोपी त्याच टेबलावर. पुन्हा तुरुंग. तिसऱ्या दिवशी पुन्हा टोपी टेबलावर. चौथ्या दिवशी न्यायाधीश कंटाळले, तो नाही. खटला सुरू झाला. काम सोडून गेले म्हणून ज्यांना पकडून आणलं होतं अशा राळकामगारांचा खटला होता, आणि त्यातले बरेचसे त्यानं सोडवले. आमच्या लोकांनी त्याला दोनदा काँग्रेसमध्ये पाठवलं. तिथं तो झुंडीनं माणसांना झाडाला टांगण्याविरुद्ध बोलायला उठला, तर सभागृह उठून गेलं. तो रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलत राहिला. कुणीतरी म्हणालं, ऐकायला कुणी नाही. तो म्हणाला, 'लिहून घेणारा बसलाय ना? मग मी बोलतो.' मि. चेअरमन, तो लाल दिवा मला दिसतोय, मी आंधळी नाही."

त्या वळल्या. स्ट्रिकलंडनं घाईनं विचारलं, "विषय संपला असं धरायचं का?"

"नाही," बाकांतून आवाज आला.

एक गोरा शेतकरी उठला. उन्हानं भाजलेली मान, कॅप हातात चुरगळलेली. त्याचं नाव डेल सटन. त्याला शुभानं एकदाच, फेरीच्या वेळी पाहिलं होतं. तेव्हा तो एक शब्द न बोलता निघून गेला होता.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "पण पुढचा भाग मला माहीत आहे. माझ्या आजोबांनी सांगितला. अभिमानानं सांगायचे. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीत आमची माणसं लाल शर्ट घालून, बंदुका घेऊन मतदानाच्या जागी उभी राहिली. कृष्णवर्णीय कुणी मत द्यायला आला की हवेत गोळी. नदीपलीकडच्या मतपेट्या नदीत फेकल्या. मग हॉलोवेल हरला असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ही माणसं त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, उद्या सूर्य मावळायच्या आत गाव सोड, नाहीतर घरासकट जाळू. त्या माणसांत माझे पणजोबा होते." तो नदीपलीकडच्या लोकांकडे वळला. "लहानपणी मला वाटायचं, ते शूर होते. चाळीस जण गेले होते एका माणसाकडे. निवृत्त कसला? माझ्याच घरातल्यांनी हाकलला त्याला. माझ्या वतीनं कुणाचं मन जपू नका. मला ते नको आहे."

तो बसला तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होती. स्ट्रिकलंडचा चेहरा लाल झाला होता. त्यानं हातोडी उचलली. "अजून कुणी नसेल तर..."

"आय वुड लाइक टू स्पीक, सर."

शुभानं मान वळवली आणि तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मोरेश्वर उभा होता. प्लांटचा निळा शर्ट, खिशाला पेन. चालताना तो डायरेक्टरच्या बाकाशेजारून गेला आणि त्यानं तिकडं पाहिलं नाही.

"मी इंजिनिअर आहे," तो म्हणाला. "इतिहास माझा विषय नाही. पण माझी बायको दोन वर्षं रोज जेवताना मला हे सांगते. त्यामुळे मला पाठ आहे." लोक हसले, तो हसला नाही. "ते लोक त्याच्या दारात आले तेव्हा त्यानं सांगितलं, 'मला उद्या सकाळी कोर्टात खटला आहे.' एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी तो आला. इथं. एमस प्रिट नावाच्या नावाड्यावर गोदाम जाळल्याचा आरोप होता. शिक्षा फाशी. या बाकांवर तेच बंदूकवाले बसले होते. हॉलोवेल दिवसभर बोलला. ज्युरीनं दोषी ठरवलं. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, मी वरच्या कोर्टात अपील करतो. न्यायाधीशांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कारकुनानं लिहून घेतलं नाही. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. खिडकीबाहेर सूर्य उतरायला लागला होता, आणि त्याला सांगितलेली वेळ तीच होती. तो जागचा हलला नाही. शेवटी कारकुनानं लिहिलं. मग त्यानं टोपी घातली आणि पुढच्या दारानं, त्या सगळ्यांच्या मधून, पायऱ्या उतरून गेला. बायको-मुलींना घेऊन आगगाडीत बसला. वरच्या कोर्टानं अपील मान्य केलं. एमस प्रिट सुटला."

तो थांबला. लाल दिवा लागायला थोडा वेळ होता. मग तो शुभाकडे बघत म्हणाला, "मी बायकोला सांगितलं होतं, आपण पाहुणे आहोत, गप्प बस. मी चुकीचं सांगितलं. आमच्या प्लांटमध्ये औषधाच्या बाटलीवर खोटं लेबल लावलं तर तो गुन्हा आहे. हेही लेबलच आहे. थँक यू."

शुभाला रडू आलं नाही. तिला वाटलं, उठून जोरात ओरडावं.

स्ट्रिकलंडनं हातोडी आपटली. "लोकांचं बोलणं संपलं. मजकूर ठेवायचा की बदलायचा, आता मतदान."

"शेवट राहिलाय," मिस ओडेसा बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"मॅम, तुमची वेळ झाली आहे."

"त्याची काँग्रेसची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. त्या हिवाळ्यात तो सभागृहात उठला." हातोडी पुन्हा आपटली. त्यांना माइक नव्हता, पण मुलांनी भरलेल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता. "आणि तो म्हणाला," हातोडी, "'उद्या कुणी लिहील की हॉलोवेल निवृत्त झाला.'" हातोडी. "'मी निवृत्त झालेलो नाही. मला हाकललं आहे. हाकलणाऱ्यांनी निदान तेवढं तरी कबूल करावं.'"

हातोडीचा आवाज थांबला. मग चर्चच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या, आणि डेल सटन कॅप मांडीवर आपटत राहिला.

मतदान झालं. दोन कमिशनर 'हाकललं'च्या बाजूनं गेले. त्यांतली एक बाई तर स्ट्रिकलंडच्याच पक्षाची होती, आणि मत देताना तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघे विरुद्ध गेले. 'निवृत्त' राहिलं.

*

फलक लागला. शनिवारीच त्याचं उद्घाटन झालं, शाळेचा बँड वाजला, स्ट्रिकलंडनं निळं कापड ओढलं. पितळ उन्हात चकाकत होतं.

मोरेश्वरला नोकरीवरून कुणी काढलं नाही. डायरेक्टरनं त्याला एकदा केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "मोर, कंपनी अशा वादांपासून लांब राहते." मोरेश्वर म्हणाला, "मी कंपनीच्या वतीनं बोललो नव्हतो, सर. मी माझ्या वतीनं बोललो." त्यानंतर त्याला बुधवारच्या गोल्फला कुणी विचारेना. तो म्हणाला, बरं झालं, मला तो खेळ कधी कळलाच नाही.

शुभाला घरी बसवेना. हरल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त चीड होती. ती मिस ओडेसांकडे गेली आणि या वेळी आधी विचारलं.

"म्युझियमचं आवार काउंटीचं आहे. पण फुटपाथ सगळ्यांचा आहे. मी तिथं उभी राहून सांगितलं तर चालेल तुम्हाला?"

मिस ओडेसा म्हणाल्या, "शनिवारी माझे गुडघे बरे असले तर मीही येईन. नसले तरी येईन."

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच शनिवारी दोघी फलकासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. आधी कुणी थांबेना. एक बाई कुत्रं घेऊन जाताना थांबली, तीही कुत्र्यानं थांबवलं म्हणून. मग चर्चमधले काही आले, मग त्यांचे नातेवाईक. हळूहळू रॅलेहून, ग्रीनव्हिलहून माणसं मुद्दाम यायला लागली. इला ट्रॉयहून आली तेव्हा गर्दीच्या मागे उभी राहून तिनं आपल्या आईला पहिल्यांदाच शिकवताना पाहिलं. संपल्यावर ती म्हणाली, "आई, यू आर लाउड." शुभा म्हणाली, "हो."

लिंडा ग्रीर अजून म्युझियममध्येच आहेत. त्या गाइड म्हणून स्वतः फेरी घेतात आणि ठरलेलं वाक्य ठरल्यासारखं बोलतात. मात्र फेरी संपताना त्या लोकांना म्हणतात, "बाहेर फुटपाथवर दोन बायका उभ्या असतात. मी तुम्हाला त्यांच्याकडे पाठवत नाहीये. मी फक्त सांगते आहे की त्या असतात." लोक खिडकीतून बघतात आणि सगळेच्या सगळे बाहेर येतात.

शुभा फलकापाशी सुरुवात करते. ती सगळा मजकूर मोठ्यानं वाचते, 'निवृत्त' शब्दापर्यंत, आणि मग म्हणते, "हे खोटं आहे. आता खरं ऐका." मधे मिस ओडेसा तिला अडवतात, तपशील दुरुस्त करतात, कधी दोघी लोकांसमोरच भांडतात. तुरुंगातून हॉलोवेल सकाळी आला तेव्हा पाऊस होता की नव्हता, यावर त्यांचं अजून एकमत नाही.

मागच्या महिन्यात स्ट्रिकलंडनं तक्रार केली. गावचा एक तरुण पोलीस आला. त्यानं टोपी काढून दोघींना नमस्कार केला, आणि म्हणाला, "लेडीज, तुम्हाला इथं उभं राहून बोलायची परवानगी आहे का?"

शुभानं विचारलं, "कुठल्या नियमाखाली लागते?"

पोलिसानं खिशातली वही काढून उघडली आणि पुन्हा मिटली.

"नियम दाखवा," शुभा म्हणाली, "आम्ही वाचू. पटला तरी बोलू, नाही पटला तरी बोलू. पण आधी दाखवा."

भोवतीची माणसं जवळ सरकली. मिस ओडेसांनी काठी फुटपाथवर घट्ट रोवली. तो पोलीस म्हणाला, "मी जरा ऑफिसात बघून येतो," आणि गाडीत बसून गेला. तो अजून परत आलेला नाही.